पिशव्या घेऊन येणारी बाई

बरबँक, कॅलिफोर्निया
९ फेब्रुवारी १९८८

वेंडेल,

त्यांनी त्याची चोच काढून टाकली.

पेपरातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. घटस्फोटानंतर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, आता आली. तुझ्या 'ग्रे हेरॉन'वर, त्या बगळ्याच्या वेषातल्या हिरोवर, सिनेमा निघतोय. 'तुझ्या' हे सवयीनं लिहिलं. कोर्टात जज्जनं विचारलं होतं की त्या कॉमिकचे हक्क कोणाच्या नावे करायचे, तेव्हा तू हसून म्हणालास, "ती रद्दी तिलाच द्या, मला घर आणि होडी पुरे." जज्जही हसला होता. मी रद्दीची खोकी घेऊन बसनं बहिणीकडे गेले. आज ती रद्दी स्टुडिओच्या भिंतीवर काचेमागे टांगली आहे, आणि मला एक खुर्ची दिली आहे, पाठीवर माझं नाव रंगवलेली.

काल पहिली मीटिंग झाली. निर्माती मार्सी फेल्ड, वय माझ्या निम्मं, आवाज दुप्पट. दिग्दर्शक गिल ब्रँडवोल्ड, दाढीवाला, सगळ्यांना 'राजा' म्हणतो, मलासुद्धा. भिंतीवर तू काढलेला हेरॉन: करडा अंगरखा, काटकुळे पाय, तोंडावर ती हातभर चोच.

मार्सी म्हणाली, "या चोचीचं काय करायचं? हा हिरॉइनचा मुका घेणार कसा?"

"घेईल," कोणीतरी म्हणालं, "पण तिचा एक डोळा जाईल."

सगळे खो खो हसले आणि मग एकदम माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी आता रडणार, असं त्यांना वाटलं असावं.

"काढा," मी म्हटलं. "आणि तो करडा रंगही काढा. मळक्या फडक्यासारखा दिसतो."

गिल म्हणाला, "राजा, काळीज मोठं आहे तुमचं. मूळ चित्रकार इथे असता तर त्यानं टेबलावर डोकं आपटलं असतं."

"म्हणून तर तो इथे नाही."

"पण आहे ना तो? म्हणजे... जिवंत?"

"श्वास चालू आहे असं ऐकते," मी म्हटलं.

तर हेरॉन आता काळा आहे आणि त्याला माणसाचं नाक आहे. तुझ्या नव्या बायकोला, लॉरेनला, नमस्कार सांग.

आर्डिस


बरबँक
३ मे १९८८

वेंडेल,

तुझं पत्र पोचलं. मजकूर तुझा, अक्षर लॉरेनचं. कंपवातानं उजवा हात गेला, आता चमचासुद्धा धरवत नाही, हे तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. तुला न सांगता लिहिलं असणार. इथे 'वाईट वाटलं' असं लिहायची रीत आहे. मला एवढंच वाटलं की देवाला उशीर होतो, पण हात बरोबर सापडतो.

तुला पडद्यावर नाव हवंय. मी मार्सीला विचारलं. म्हणाली, येईल, शेवटी, जेवण पुरवणाऱ्यांच्या आणि गाड्या धुणाऱ्यांच्या खाली, लोक कोट चढवून उठत असतात तेव्हा. टाइप करणाऱ्या मुलीनं तुझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकवलंय. तिनं मला विचारलंही, "हे असंच ना?" मी म्हटलं, "असंच."

खलनायकाचं मात्र छान जमलंय. तुझ्या अंकांतला तो लोखंडी पंजेवाला खलनायक कोणालाच आवडला नाही. गिल म्हणाला, "राजा, मला भीती वाटेल असा साधा माणूस पाहिजे. शेजारी राहील असा." मी म्हटलं, असा एक माझ्या ओळखीत होता. मग मी त्या नटाला दोन दुपारी शिकवलं. सफरचंद खिशातल्या चाकूनं कापायचं, फोड चाकूच्या टोकावर धरून समोरच्यापर्यंत न्यायची आणि आपल्याच तोंडात टाकायची. खोटं बोलण्याआधी घसा खाकरायचा. कोणी रडायला लागलं की खिडकीशी जाऊन हवा कशी आहे ते बघायचं. नट हुशार आहे. परवा त्यानं सगळं करून दाखवलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

त्यानं विचारलं, "बाई, हा माणूस खरंच होता?"

"होता. सगळ्यांना फार आवडायचा."

आर्डिस


बरबँक
१९ जून १९८८

वेंडेल,

शेवटी विचारलंसच. चोचीवर गप्प राहिलास, खलनायकावरही. वाटच बघत होते मी. "तळ्याच्या अंकाचं काय करणार आहेत?" एवढंच एक वाक्य, आणि ते तू स्वतः लिहिलंस. कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर फिरावं तसं अक्षर झालंय तुझं.

सांगते. पण आधी तुझ्यात आणि माझ्यात काय घडलं ते एकदा नीट लिहून काढते, कारण तू ते वेगळंच काढलं होतंस.

ऑगस्टातला रविवार. मी हॉवीच्या हॉटेलात कामावर, पाच वाजेपर्यंत. तुला ते ठाऊक होतं. सकाळी तूच मला गाडीनं सोडलंस. जोसी तुझ्याबरोबर तळ्यावर. सात वर्षांची पोर, पोहायला नुकती शिकत होती. तू धक्क्यावर मांडीवर फळी घेऊन बसलास, कारण सोमवारी कॉमिकची पानं छापायला न्यूयॉर्कला जायची होती. तू पान पुरं केलंस. वर पाहिलंस तेव्हा पाण्यावर काही नव्हतं.

यावर मी तुला काही म्हटलं नसतं, वेंडेल. कोणाचाही डोळा चुकतो. पण पोलिसांपुढे तू घसा खाकरलास आणि म्हणालास, "हिची आई दोन वाजता येणार होती. तिची वाट बघत होतो." दफनाच्या दिवशी तुझ्या आईनं माझा हातसुद्धा धरला नाही. चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीच्या आईनं वेळ पाळली असती तर आज ही शाळेची तयारी करत असती." मी तुझ्याकडे पाहिलं. तू बुटांकडे बघत होतास.

पुढच्या वर्षी तो अंक आला. हेरॉन आकाशातून सूर मारतो, वेणीवाल्या पोरीला पाण्यातून वर काढतो. आणि काठावर एक बाई धापा टाकत येते, उंच टाचा, रंगवलेले ओठ, दोन्ही हातांत दुकानाच्या पिशव्या. उशिरा. अख्ख्या देशात गेला तो अंक. चर्चमधली एक बाई मला म्हणाली, "अगं, नाक अगदी तुझंच काढलंय!"

माझ्याकडे उंच टाचांचे बूट कधी नव्हते.

तर गिलला हा अंक सगळ्यांत आवडतो. काय ठेवायचं, काय काढायचं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तळं ठेवा, पोर ठेवा. हेरॉन येऊ दे, पण उशिरा. आणि काठावर बाई नको. एक पुरुष बसवा, मांडीवर फळी, हातात पेन्सिल.

त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "हे कुठून सुचलं तुम्हांला?"

"शेजारी घडलं होतं," मी म्हटलं.

मार्सी म्हणाली, "हिरो हरतो? भन्नाट! असं कोणी केलेलं नाही."

तेव्हा तळ्याचं हे असं करणार आहेत.

आर्डिस


बरबँक
२ ऑगस्ट १९८८

वेंडेल,

काल लॉरेनचा फोन आला. तू शेजारच्या खोलीत होतास की दारामागे उभं राहून ऐकत होतास, कोण जाणे. न ऐकलं असशील तर बोलणं असं झालं.

ती म्हणाली, "आर्डिसबाई, मी कधी तुमच्यामध्ये आले नाही. पण हा जेवत नाहीये. चोच काढा, नाव काढा, तो काही म्हणत नाही. तेवढं तळ्याचं एक पान राहू द्या."

"पान ठेवलंय की. माणसं तेवढी बदललीत."

"त्या पानामुळेच तो जगलाय इतकी वर्षं."

"मी पण जगलेच आहे. मला कोणी पान काढून दिलं नव्हतं."

रडली ती. चांगली बाई आहे, तुला चांगल्या बायका सापडतात. मग नाक ओढून म्हणाली, "तुमचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. त्यानं सगळं सांगितलंय मला लग्नाआधीच. आणि खरं सांगते, तो तुम्हांला दोष देत नाही. म्हणतो, माणसाला उशीर होतो."

"कसला उशीर?"

"तेच. तुम्ही दोन वाजता येणार होतात ते."

मला वाटलं होतं, निदान एका माणसाला तू खरं सांगितलं असशील. जिच्या शेजारी रोज निजतोस तिला तरी. मी तिला म्हटलं, "लॉरेन, हॉवी अजून जिवंत आहे. तुमच्याच गावात, सँडस्कीत असतो, त्याच्या मुलाकडे. मी त्या दिवशी किती वाजेपर्यंत कामावर होते ते त्याला विचार. आणि मला सकाळी कामावर कोणी सोडलं तेही विचार. हॉवीनं खिडकीतून त्या दोघांना हात केला होता, गाडीत जोसी पुढे बसली होती."

मग तिनं फोन ठेवला, हळू, लोक झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावतात तसा.

ती हॉवीकडे गेली की तुलाच विचारलं तिनं?

आर्डिस


बरबँक
१६ ऑक्टोबर १९८८

वेंडेल,

लॉरेन तिच्या बहिणीकडे टोलेडोला गेल्याचं कळलं. तिनंच कळवलं मला, दोन ओळी. कपड्यांची एकच बॅग नेली म्हणते, बाकीचं तुझ्याकडेच. डबा द्यायला चर्चच्या बायका येतात, हेही लिहिलंय. चर्चच्या बायका फार बोलतात, सांभाळ.

तळ्याचं शूटिंग उरकलं. तळं म्हणजे एक हौद आहे, गोदामाएवढा, त्याला मागे आभाळ रंगवलंय. पोरीचं काम करणारी मुलगी रॉबिन नावाची, समोरचे दोन दात पडलेले, सारखी खारी बिस्किटं खाते. केस विंचरणाऱ्या बाईनं तिची वेणी शहरी घातली होती, घट्ट. मी सोडून पुन्हा घातली. रॉबिन म्हणाली, "आजी, मी आज किती वेळा बुडणार आहे?"

"दिग्दर्शक म्हणतील तितक्या."

"मला येतं. श्वास धरायचा आणि विटा मोजायच्या. तळाला विटा आहेत."

पुन्हा पुन्हा बुडवली तिला. वर आली की टॉवेल, गरम कोको, केस वाळवायचे, वेणी, परत पाण्यात. दर वेळी वेणी मीच घातली. गिल दोनदा येऊन म्हणाला, "राजा, तुम्ही बाहेर ऊन खात बसा ना." मी म्हटलं, मला काही होत नाही. खरंच काही झालं नाही. नंतर गाडीत बसताना दाराच्या फटीत बोट सापडलं, नख काळं पडलंय, तेवढंच.

धक्क्यावर बसणाऱ्या नटाला पाण्याचा आवाज आला की मान उचलायची सवय. मी त्याला सांगितलं, "मान उचलू नका. पेन्सिल थांबवू नका."

"पण बाई, बापाला ऐकू येणार नाही का?"

"या बापाला पान पुरं करायचंय."

मग त्यानं तसं केलं. मार्सीनं माझा दंड दाबला. "बक्षीस मिळणार याला," ती म्हणाली.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. आता लिहून देणारं कोणी नाही तुझ्याकडे.

आर्डिस


बरबँक
११ मार्च १९८९

वेंडेल,

हे पत्र लिहू नये असं दोन दिवस वाटत होतं.

गेल्या आठवड्यात सिनेमा सॅन दिएगोच्या एका थिएटरात लोकांना फुकट दाखवून पाहिला. बाहेर पडताना त्यांच्याकडून कागदावर मत लिहून घेतात. तळ्यापर्यंत सगळं झकास. मग हेरॉन उशिरा आला. आधी एक पोर रडलं, मग दहा, मग आया त्यांना उचलून बाहेर निघाल्या. आणि मधल्या रांगेत तुझे जुने वाचक बसले होते, आता ढेऱ्या सुटलेले, टक्कल पडलेले. ते उभे राहून ओरडायला लागले. "हे असं नव्हतं! ती वाचते! ती वाचते!" एकाच्या तर डोळ्यांत पाणी होतं, वेंडेल. ट्रक चालवणारा असावा, एवढे त्याचे हात.

सोमवारी मार्सीनं सगळ्यांना बोलावलं. "अंकात आहे तसं करायचं. चित्रामागून चित्र. तो वेळेवर पोचतो, पोर वाचते. बाप काढा, आई आणा. पिशव्यांसकट."

मी म्हटलं, "नाही. हक्क माझे आहेत."

"हक्क तुम्ही आम्हांला विकलेत, आर्डिस. खुर्ची तुमची आहे."

"मग पोर वाचू दे. ती बाई नको."

"अहो, ती बाई तर पाहिजेच! वाचकांची पत्रं बघा. तिचा राग करायला लोकांना फार आवडतं."

त्या टेबलापाशी मी पहिल्यांदाच उभी राहिले. म्हटलं, "ती बाई मी आहे."

गिलनं मान खाली घातली. मार्सीनं माझ्याकडे पाहिलं, पायांपासून वर, जणू बुटांच्या टाचा बघत होती. मग तिचा चेहरा उजळला.

"खरंच? मग पहिल्या खेळाला तुमचा आणि त्या नटीचा एकत्र फोटो घेऊ! दोघींच्या हातांत पिशव्या! गंमत येईल."

मी खाली बसले. कुठे जाणार होते?

आणि एक सांगायचं राहिलं. जुन्या वाचकांनी गोंधळ घातल्यामुळे तुझं नाव आता सुरुवातीला येणार आहे, मोठं, एकटं. 'वेंडेल स्ट्राउड यांच्या चित्रांवरून.' स्पेलिंगही कोणीतरी सुधारलं.

जिंकलास.

आर्डिस


ग्लेंडेल
६ जुलै १९८९

वेंडेल,

फोटोला गेले नाही. ताप आल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घराजवळच्या थिएटरात तिकीट काढून मागच्या रांगेत बसले.

तुझं नाव आलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. तुझ्यासारखं सफरचंद खाणारा तो खलनायक लोकांना आवडला, त्याला हसत होते. भीती कोणालाच वाटली नाही. सगळं वाया गेलं.

मग तळं आलं. ती बाई आली, लाल ओठ, टाचा खडखड वाजवत, पिशव्या सांभाळत. थिएटरभर हुर्यो झाली. पॉपकॉर्न उडालं. माझ्या शेजारची एक पोरगी म्हणाली, "मम्मी, ही बाई घाणेरडी आहे." मम्मी म्हणाली, "हो ना, आईला शोभतं का असं! बस खाली." मी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. तीस वर्षांपूर्वीची चर्चची पायरी, आता अख्ख्या देशात रोज चार वेळा.

हेरॉननं सूर मारला. पाणी त्याच्यावर मिटलं. काहीच दिसेना, नुसता करडा पडदा. हौद मी पाहिलाय, विटा पाहिल्यात, ती पोर खारी बिस्किटं खाते हेही मला ठाऊक आहे. तरी मला श्वास घेता येईना.

आणि तो वर आला आणि त्याच्या हातांत ती होती. वेणी सुटलेली. आणि ती खोकली.

वेंडेल, ती खोकली.

लोक उभे राहिले. काय टाळ्या! माझेही हात वाजत होते, ते शेजारच्या बाईनं "अहो, बसा, मागच्यांना दिसत नाही" म्हटलं तेव्हा कळलं. मागे तर भिंत होती. पण मी उभी होते.

पुढे अंकात नसलेलं एक आहे. तुझ्या पानावर ती पोर आईकडे बघतसुद्धा नाही, हेरॉनच्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघते. सिनेमात त्या बाईच्या पिशव्या गळून पडतात, ती टाचांसकट पाण्यात शिरते आणि पोर तिच्या गळ्याला मिठी मारते. हे गिलनं घातलं. त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता मी रोज जाते. दुपारच्या खेळाला. तिकीट देणाऱ्या मुलीला वाटतं म्हातारीला हेरॉनचं वेड लागलंय. हुर्यो होते तेव्हा मी खाली बघते. मग वर बघते. ती खोकली की उठून बाहेर पडते. पुढे तो कोणतंतरी शहर वाचवतो म्हणे. ते मी अजून पाहिलेलं नाही.

मी तुला माफ केलेलं नाही, आणि या पत्राचा तसा अर्थ कोणा चर्चच्या बाईकडून वाचून घेऊ नकोस. लॉरेन परत येणार नाही, तेही मला बरंच वाटतं.

पण सँडस्कीत सिनेमा लागला असेल. पास पाठवत नाही. शेजाऱ्याला सांग, थिएटराशी सोड म्हणावं. पुढच्या रांगेत बस, एकटा. ती बाई आली की लोक हुर्यो करतील. कानांवर हात ठेवू नकोस. तू काढलीस ती, तू ऐक. शेवटपर्यंत ऐक.

मग वर बघ.

आर्डिस